चारीला सोडलेला दिवस

त्या माणसानं मला एका अख्ख्या दिवसाच्या पाण्याला फसवलं. मला आणि तात्याला, दोघांनाही. तात्याचं एक वेळ सोडून द्या, त्याला कुणीही फसवतं. पण मी डोक्यावर पेरूची पाटी घेऊन राहात्याच्या बाजारात उभा राहिलेला माणूस. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ते भावात किती वर येणार, हे मला त्याच्या चपलांवरून कळायचं. अशा मला त्यानं फसवलं, आणि तेही चहा पाजून.

डावा हात पोटाशी आडवा, त्यावर घडी घातलेला पांढरा पंचा, आणि कमरेत एवढंसं वाकून तो म्हणायचा, “उठू नका साहेब, कॉफी अजून यायचीय.”

कोल्हारकडे त्या वेळी कॉफी कुणाच्या घरात नव्हती. त्याच्याही नव्हती. पण पंगतीतून रुसून उठणारा व्याही असो की ग्रामपंचायतीतून तावातावानं निघालेला सदस्य असो, तो हे वाक्य म्हणायचा आणि माणूस खाली बसायचा. काय येणार आहे ते बघायला तरी बसायचा.

तो ओढ्याकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला. मिशनच्या शाळेत शिकला, मुंबईला गेला, आणि तिथून आपल्या सरकारच्या वकिलातींमध्ये साहेबांच्या खुर्चीमागे उभा राहायला परदेशी गेला. वीसबावीस वर्षं जगभर उभा राहून एकाहत्तर साली परत आला. मोठी माणसं त्याला बटलर म्हणत, टवाळ पोरं राजदूत म्हणत, आणि तो दोन्ही हाकांना सारखाच ‘ओ’ द्यायचा. अंगात जुना पांढरा कोट. त्याची पितळी बटणं सरकारची होती म्हणून परत करून आला होता आणि त्या जागी बायकांच्या पोलक्याला लावतात तसली बारीक बटणं लावली होती. तो सगळ्यांना साहेब म्हणायचा. मला साहेब, तात्याला साहेब, बैलगाडी हाकणाऱ्यालाही साहेब. मला ते पहिल्यांदा फार आवडलं. मग तात्यालाही तोच शब्द मिळतो हे ऐकलं आणि निम्मी गोडी गेली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात बाकड्याच्या टोकाला बसून तो परदेशच्या गोष्टी सांगे. कुठल्या देशाचं नाव घ्यायचा नाही. “एका थंड गावी होतो तवा,” किंवा “एका वाळूच्या गावी,” असं म्हणायचा. आम्ही नाव विचारलं की पंचा झटकून परत घडी घालायचा.

त्याचं म्हणणं असं, की राजदूताचा धंदा त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. “माजा पहिला साहेब बोटीनं आल्ता. दिल्लीचं पत्र यायला महिना लागायचा. तवर त्यालाच ठरवावं लागायचं. ठरवायचा आन् मग कळवायचा. शेवटच्या साहेबाच्या टेबलावर फोन हुता. तो काय बी ठरवायचा न्हाई, फोन ठरवायचा. आन् पुढं इमानं आली. मंत्री सवताच यायला लागले. मग साहेबाला काम काय, तर इमानाखाली हार घेऊन हुबं राहायचं.”

हॉटेलवाल्यानं विचारलं, मग बोलणी करतो कोण? बटलर म्हणाला, “टेबलावर बसत्यात ते न्हाई करत, एवडं मी सांगतो. टेबल फोटोसाठी ठेवत्यात आता.”

त्याच पावसाळ्यात ट्रान्झिस्टरवर बातमी आली, की अमेरिकेचा एक मोठा माणूस शेजारच्या देशात येऊन पोट बिघडल्याचं सांगून दोन दिवस गडप झाला आणि गुपचूप चीनला जाऊन आला. सगळ्या दुनियेला पत्ता नाही. हॉटेलात सगळे वा वा करू लागले. हा एकटाच हसत होता. म्हणाला, “दुनियेला नसंल. स्वयपाकघराला असनार. पोट बिघडलेल्या मानसाला पेज जाती. पेजेचं भांडं परत आलं का न्हाई, ते कुनी इच्यारलं का?”

मी तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. धंदेवाल्या माणसानं असं हसू नये, नोंद करून ठेवावी.

आता आमचं भांडण सांगतो. आमची चारी लहान. कालव्याच्या दारापासून निघते, वरच्या अंगाला तात्याचा ऊस भिजवते, खालच्या अंगाला माझी मोसंबीची बाग, आणि उरलंसुरलं पाणी ओढ्यात जातं. बहात्तरचा पाऊस आलाच नाही. भंडारदऱ्याचं पाणी हात आखडता घेत सोडत होते. पाण्याच्या एका पाळीला तात्यानं माझ्या वेळात स्वतःचं बारं, म्हणजे चारीतून शेतात पाणी घ्यायचं तोंड, उघडं ठेवलं. मी त्याचं फावडं उचलून कालव्यात टाकलं. त्यानं माझा सदरा फाडला. त्या ओढाताणीत चारीच्या दाराचा दांडा वाकला, आणि दांडा सरकारी होता.

कालव्याच्या साहेबानं दाराला कुलूप घातलं. म्हणाला, उन्हाळ्याच्या पाळीला तुमच्या चारीला सहा दिवस मिळतील. कोण किती दिवस घेणार, तो दोघांच्या सहीचा कागद आणा. कागद नाही तर पाणी नाही.

पाळीला पंधरा दिवस होते. बागेची पानं पन्हाळीसारखी वळायला लागली होती. ही झाडं मी स्वतः खड्डे खणून लावली होती. पाटी डोक्यावरून उतरली ती या झाडांच्या भरवशावर. एक उन्हाळा चुकला की मोसंबी सरपणाला जाते, हे बागवाल्याला सांगावं लागत नाही. मी सकाळी बागेत जायचं सोडून दिलं होतं, कारण पानं बघवत नव्हती.

तरी तात्याशी बोलायचं म्हणजे काय? आमची तोंडं एकमेकांकडे बघत नव्हती. माझी बायको आणि तात्याची बायको वच्छी या संगमनेरकडच्या एकाच गावच्या लेकी. त्या भांडणानंतर मी घरात ताकीद दिली होती, त्या घराशी बोलायचं नाही. तात्यानंही दिली होती. दोघी नदीवर वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. माझा घरात दरारा आहे याचा मला त्या दिवसांत मोठा अभिमान होता.

शेवटी पाटकरी, म्हणजे कालव्यावर पाणी सोडणारा माणूस, म्हणाला की बटलरला मध्ये घाला. दोघांनी मान डोलावली. बटलरनं एकच अट घातली. बोलणी चारीच्या बांधावर, बाभळीखाली. चहा एक दिवस माझ्या घरचा, एक दिवस तात्याच्या घरचा. आणि चहा आणायला तो स्वतः जाणार. दुसऱ्या कुणाच्या हातून आला की बिघडतो, म्हणाला. मला वाटलं, बटलर माणूस, त्याचा तो चोचला.

पहिले तीन दिवस त्यानं आम्हाला पाण्याचं नाव काढू दिलं नाही. मी खुर्ची आणली होती, तात्या बाज घेऊन आला होता. बाज लांब असते म्हणून तात्या मोठा ठरतो की खुर्ची उंच असते म्हणून मी, यावर एक दिवस गेला. बटलरनं दोन्ही परत पाठवली आणि एकाच दुकानातली दोन रिकामी पोती अंथरली. ऊन कुणाच्या डोळ्यांवर, यावर दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी तात्या म्हणाला की माझ्या कपात चहा जास्त आहे. बटलरनं दोन्ही कप शेजारी ठेवून डोळा लावला आणि तात्याच्या कपात चार थेंब घातले. मी म्हटलं मला दोन घाल. घातले.

“कप भरलेला असंल तर मानूस उठत न्हाई,” तो मला एकदा म्हणाला होता. हे मला माहीत होतं, तरी मी दर वेळी कप भरून घेत होतो.

चौथ्या दिवशी खरी बोलणी सुरू झाली. मी चार दिवस मागितले, तात्यानं पाच. मिळणार होते सहा. आता धंद्यातली गोष्ट सांगतो, ऐकून ठेवा. आपल्याला खरं किती लागतं हे समोरच्याला कधी कळू द्यायचं नाही. आईला सांगू नये, देवाला सांगू नये. मला अडीच दिवस पुरत होते. हे माझ्या मनात होतं आणि माझ्या घरात मी एकदा जेवताना बोललो होतो. बांधावर मात्र मी चारावरून हलायला तयार नव्हतो. तात्या पाचावरून. मग मी दोन तास सोडले. तात्यानं दीड तास सोडला. मी त्या अर्ध्या तासासाठी सबंध सकाळ भांडलो आणि मिळवला.

बटलर मध्येच चहा आणायला जायचा. माझ्या घरी गेला की अर्धा तास लागायचा, तात्याच्या घरी गेला की पाऊण. मी एकदा चिडून विचारलं की एवढा वेळ कसला लागतो. म्हणाला, “चुलीवर असतंय साहेब. सगळं चुलीवर शिजतंय.”

दहाव्या दिवशी तात्यानं माझा बाप काढला. मी उठलो, पोतं झटकलं आणि निघालो. गेली बाग तर गेली, म्हटलं. पाच पावलंही टाकली असतील. बटलर मागून आला. पंचा हातावर तसाच.

“उठू नका साहेब, कॉफी अजून यायचीय.”

“तुझी कॉफी घाल चुलीत.”

“सिमल्याला काय झालं, ऐकलं न्हाई का? बोलनी फिसकटली म्हनून सामान बांधलं हुतं. निरोपाचं जेवान झालं आन् मग सही झाली. जेवल्याबिगर गेले आस्ते तर?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तात्यासाहेबाचा जीव अडीचात हाय. मी सांगितलं म्हनू नका.”

मी परत येऊन बसलो. आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. समोरच्याचा तळ मला कळला होता आणि माझा त्याला कळला नव्हता. पुढं दोन तासांत मी तात्याला पाचावरून अडीचावर आणला. मी स्वतः अडीचावर उतरलो, पण कुरकुरत, जणू कुणी कातडं सोलतंय. तात्याही तसाच कुरकुरत होता. त्याचं नाटक माझ्याइतकं चांगलं नव्हतं.

अडीच आणि अडीच पाच. एक दिवस उरला. अकरावा दिवस त्या एका दिवसावर गेला.

मी म्हटलं, तो मला. तात्या म्हणाला, मरेन पण देणार नाही. अर्धा अर्धा म्हणावं, तर अर्ध्यात पहिला अर्धा कुणाचा यावर पुन्हा पेच. सूर्य डोक्यावर आला. तेव्हा बटलर घसा साफ करून म्हणाला, “चारी सहा म्हयने कोरडी हाय साहेब. पैल्या दिवसाचं पानी तीच पिनार. तो दिवस चारीच्या नावावर घालू. दोगांनी बी बारं उगडायचं न्हाई.”

कोरडी चारी पाणी पिते हे खरं. पण ती चार-सहा तास पिते, दिवसभर पीत नाही. हे मला ठाऊक होतं, तात्यालाही ठाऊक होतं. मी तात्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर जे होतं तेच माझ्या पोटात होतं. याला मिळत नाही ना? मग जाऊ दे.

“माझी हरकत नाही,” मी म्हणालो.

“माजी बी न्हाई,” तात्या म्हणाला. अकरा दिवसांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं ते इथे. सह्या झाल्या.

पाणी सुटलं. पहिल्या दिवशी पहाटेपासून मी माझ्या बांधावर फावडं घेऊन बसलो, तात्यानं बारं उघडू नये म्हणून. तात्या त्याच्या बांधावर बसला, मी उघडू नये म्हणून. दोघांची जेवणं बांधावर आली. भरलेली चारी आमच्या नाकासमोरून दिवसभर वाहत खाली चालली होती आणि आम्ही दोघं तिची राखण करत होतो. पोलीस ठेवले असते तरी इतकी चांगली राखण झाली नसती. मावळतीला बटलर बांधावरून जाता जाता दोघांनाही वाकून रामराम करून गेला.

दुसऱ्या दिवसापासून अडीच दिवस मी घेतले. बाग उठली. आठ दिवसांत पानं सरळ झाली. मी झाडाझाडाला हात लावत फिरलो.

त्याच आठवड्यात झाडांना आळी करायला माणसं हवी होती म्हणून मी ओढ्याकाठच्या वस्तीत गेलो. तिथल्या विहिरीवर बायका उभ्या होत्या, आणि दोर हातभर सोडून कळशा भरत होत्या. महिन्यापूर्वी त्या विहिरीत मी स्वतः डोकावलो होतो. तळाला गाळ आणि एक मेलेला सरडा होता. मी ओढ्यात पाहिलं. ओढ्याला मातीचा बांध घातलेला, ओलीचिंब माती, आणि चारीचं पाणी त्या बांधापर्यंत साठून विहिरीला झिरपलेलं. हा बांध सह्यांच्या आधी घातला होता. पाण्याच्या वरच्या कोरड्या मातीला तडे गेले होते त्यावरून कळत होतं.

मी तिथून तडक स्टँडवर गेलो. तो हॉटेलात बाकड्यावर होता. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. चोर म्हणालो, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. श्रीरामपूरची गाडी लागली होती, तीही लोक ऐकायला उतरले म्हणून खोळंबली. तो उठून उभा राहिला, पंचा हातावर घेतला, आणि साहेबाची तक्रार ऐकावी तसा मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी दम खायला थांबलो तेव्हा म्हणाला, “बसून घ्या साहेब. हुबं राहून रागावलं की पाय दुखत्यात.”

कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. रस्त्यात दिसला की वाकायचा, मी मान फिरवायचो. तात्यानंही तेच केलं. त्या बाबतीत मात्र आमचं दोघांचं छान जमत गेलं. इतकं, की पुढे आम्ही एका गाडीनं बाजारालाही जाऊ लागलो आणि वाटेत त्याला शिव्या घालू लागलो.

दोन वर्षांनी तो गेला. ताप अंगावर काढला म्हणाले. मी दफनाला गेलो, कारण गावातले सगळे गेले होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. मला शेवटपर्यंत वाटत होतं की हा आता उठून कुणाला तरी खाली बसायला सांगेल. तो पांढरा कोट अंगात होता. बटणं सगळी लावलेली.

घरी आलो, अंघोळ केली आणि जेवायला बसलो. म्हटलं, “गेला. पण माझा एक दिवस घेऊन गेला.”

बायको भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “त्यांनी न्हाई घेतला. आमी दिला.”

“आमी कोण?”

“मी आन् वच्छीनं.”

मग तिनं भाकरी उलथत उलथत सांगितलं. पहिल्याच दिवशी तो चहा न्यायला आला तेव्हा मागच्या दारात बसला आणि बागेला खरं किती लागतं ते विचारलं. तिनं सांगितलं, अडीच. माझा तळ. दहा दिवस मी ज्याच्यावर दगड ठेवून बसलो होतो तो माझा तळ तिनं साखर घालता घालता त्याला देऊन टाकला. तिकडे वच्छीनंही तेच केलं. निरोप चहाच्या किटलीबरोबर इकडून तिकडे. तिसऱ्या दिवशीच दोघींचं ठरलं होतं. मी अर्ध्या तासासाठी सकाळभर भांडत होतो तेव्हा सगळं कधीच ठरून गेलं होतं.

“मग त्याच दिवशी सांगायचं.”

“तुमी ऐकलं आस्तं? दोगं बी मोडून मोकळे झाला आस्ता. ते म्हनले, त्यांना दमू द्या. आपुन जितलो आसं दोगांना बी वाटाया पायजे.”

“आणि एक दिवस?”

तिनं तव्यावरची भाकरी काढून टोपलीत टाकली. वस्तीच्या बायका त्या उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं हंडे भरायच्या, ते या दोघी रोज बघत होत्या. नदीवर वेगवेगळ्या वेळी जात होत्या, पण दोघींनाही तेच दिसत होतं. उरलेला दिवस तिकडे द्यायचा, हे दोघींनी ठरवलं.

“ते नगं म्हनत हुते,” ती म्हणाली. “माजीच वस्ती हाय, लोक मला चोर म्हनतील, म्हनले. आमीच हटून बसलो. मग म्हनले, बरं. पन नाव माजंच ऱ्हाऊ द्या. शिव्या मला घालू द्या. तुमच्या घरात नगं.”

“मला विचारायचं तरी.”

“इच्यारलं आस्तं तर दिला आस्ता?”

मी खोटं बोललो नाही. दिला नसता. फार तर विकला असता.

तर हा असा कारभार माझ्या पाठीमागे माझ्याच चुलीवर झाला. पाण्याचं मी सोडून दिलं. बाग उभी आहे, वस्तीची विहीरही आहे, आणि तात्याला तर अजून काही सांगितलेलंच नाही, तो आजही त्या माणसाला चोर म्हणतो आणि मला ते ऐकवत नाही. पण मी स्टँडवर, गाडी भरून लोकांसमोर, एका माणसाला जे बोललो ते त्याचं नव्हतं. ते आपल्या वाट्याचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं ते मान खाली घालून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. मी कुणाचं काही फुकट ठेवून घेत नाही आणि कुणाला चुकीचा माल देत नाही. ते शब्द मला परत घ्यायचे आहेत. आता ते घ्यायला मी कुणाच्या दारात उभा राहू, ते या दोघींनी मला सांगावं. वच्छीनं तात्याला सांगावं आणि माझ्या बायकोनं मला. भाकरी थापत नाही, समोर बसून सांगावं. मी उठणार नाही.